इन्स्ट्रक्शनल टेक्नॉलॉजीत मास्टर्स: कोर्सवर्कमध्ये नक्की काय काय करावं लागतं?

पाटी_पेन्सिल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढू की नको असं चाललं होतं, शेवटी आज लिहितेच.

मी बी.एस्सी. (गणित), बी.एड. नाशिकला सात वर्षं शाळेत गणित शिकवलं, सातवी ते दहावी. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे टेक्ससला आलो, मी एच-४ वर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या जोडीदाराचा व्हिसा) आहे, मुलगी साडेचार वर्षांची. इथे परत शाळेत शिकवायचं तर लायसन्स वगैरे सगळं आलंच, आणि खरं सांगायचं तर लॉकडाऊनमध्ये मुलांना ऑनलाइन शिकवताना मी जे व्हिडिओ आणि छोट्या क्विझ बनवायचे ते काम मला मनापासून आवडलं होतं. तेव्हापासून इन्स्ट्रक्शनल टेक्नॉलॉजी किंवा इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये (म्हणजे शिकवण्याचं साहित्य आणि ऑनलाइन कोर्स आखणं-बनवणं) मास्टर्स करायचं डोक्यात आहे.

पण युनिव्हर्सिट्यांची पानं वाचून डोकं गरगरायला लागलंय. कुठे ३० क्रेडिट, कुठे ३६. कुठे एम.एड., कुठे एम.एस. मग कोअर, इलेक्टिव्ह, प्रॅक्टिकम, कॅपस्टोन, एका ठिकाणी तर थिसिस किंवा पोर्टफोलिओ किंवा लेखी परीक्षा, तिघांतलं एक निवडा म्हणे. आपल्याकडे कसं, ॲडमिशन घेतली की पेपर ठरलेले, पुस्तकं ठरलेली, इथे सगळं आपणच निवडायचं आणि काय निवडावं हे कळायला आधी त्यातलं काहीतरी कळायला हवं ना!

तर प्रश्न असे: एकूण किती कोर्स आणि ते कसले असतात? कोडिंग यावं लागतं का (मला एक्सेलच्या पलीकडे काही येत नाही)? थिसिस बरा की पोर्टफोलिओ? आणि घरात लहान मूल असताना एका सेमिस्टरला किती कोर्स झेपतात? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहिलंत तर फार उपकार होतील.

ओसरी

अगं मी अगदी तुझ्याच वाटेने गेलेय, मीही आधी शाळेत शिक्षिका (माझा विषय मराठी), आणि चार वर्षांपूर्वी पार्ट-टाइम करून मास्टर्स पूर्ण केलं. लांबलचक लिहितेय, सवडीने वाच.

आधी हिशोब. एक कोर्स साधारण ३ क्रेडिटचा, म्हणजे ३० क्रेडिट म्हणजे १० कोर्स आणि ३६ म्हणजे १२. नावं प्रत्येक ठिकाणी वेगळी असतात पण आत डोकावलंस की तीच भाजी वेगळ्या वाटीत. एक कोर्स या क्षेत्राची ओळख करून देणारा, एक माणूस शिकतो कसा याच्या थिअऱ्यांचा, इन्स्ट्रक्शनल डिझाइनचे एक किंवा दोन, मल्टिमीडिया बनवण्याचा एक, ऑनलाइन शिक्षणाचा एक, मूल्यमापनाचा एक, रिसर्च मेथड्सचा एक. हे झालं कोअर, म्हणजे सक्तीचं. उरलेले दोन ते चार इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या निवडीचे, आणि शेवटी कॅपस्टोन, म्हणजे सगळं शिकलेलं वापरून करायचा शेवटचा मोठा प्रोजेक्ट. एम.एड. असेल तर ओढा बहुतेक शाळांकडे असतो, एम.एस. असेल तर कंपन्या आणि कॉलेजांकडे, पण हे नावावरून ठरवू नकोस, इलेक्टिव्हची यादी बघ. तिथे शाळेतल्या टेक्नॉलॉजी कोऑर्डिनेटरचे कोर्स जास्त असले तर तो प्रोग्रॅम शिक्षकांचं लायसन्स डोळ्यासमोर ठेवून केलेला असतो आणि मग कधीकधी अमेरिकेतलं शिकवण्याचं सर्टिफिकेट आधीपासून हवं अशी अटही असते. ती ओळ पानाच्या तळाशी कुठेतरी असते, शोधून वाच.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा कोर्स कोणता तर इन्स्ट्रक्शनल डिझाइनचा पहिला. तिथे ॲडी शिकवतात, म्हणजे विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. हे १९७५ साली फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीने अमेरिकी लष्करासाठी तयार केलेल्या कामातून आलंय. ऐकायला कोरडं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण प्रोजेक्ट केल्यावर माझं शिकवण्याबद्दलचं मतच बदललं, म्हणून ते जरा नीट सांगते.

मी प्रोजेक्टसाठी आमच्या गावातली रविवारची मराठी शाळा घेतली. मुलं आठ ते दहा वर्षांची, घरी मराठी बोलणारी पण वाचायला नुकतीच लागलेली. विषय घेतला जोडाक्षरातला र. मी उद्दिष्ट लिहिलं, "मुलांना रफार समजेल." प्रोफेसरांनी "समजेल" भोवती गोल केला आणि विचारलं, समजलं हे तुला दिसणार कसं? मग मेगर यांच्या पद्धतीने लिहायला लावलं: कोणत्या परिस्थितीत, काय करून दाखवेल, किती बरोबर आलं की झालं. शेवटी वाक्य असं झालं की मूल रफार असलेले दहा अनोळखी शब्द कुणाच्या मदतीशिवाय मोठ्याने वाचेल आणि त्यातले आठ बरोबर असतील. या एका वाक्याला मला चार दिवस लागले. बी.एड.ला शेकडो पाठ टाचणं काढली होती पण असा विचार कधी केला नव्हता.

मग टास्क ॲनालिसिस. र चे किती अवतार आहेत ते मांडायला बसले तर सूर्य-मार्ग मधला रफार, चक्र-प्राणी मधली तिरकी रेघ, ट्रक-ड्रम मधली खालची टोपी, आणि वर दुसऱ्या-कुऱ्हाड मधला तो अर्धा र. दर्या आणि दऱ्या यात फरक काय हे एका आईने मला विचारलं तेव्हा मी शिक्षिका असून दोन मिनिटं गप्प झाले. मग ठरवलं की मॉड्यूल फक्त रफाराचं, बाकी तिन्हींना हात लावायचा नाही. काय शिकवायचं नाही हे ठरवणं याचा सुद्धा या डिग्रीत अभ्यास असतो.

आणि मग आली चाचणी. डिक आणि कॅरी यांच्या मॉडेलमध्ये आधी एकेका मुलासोबत, मग छोट्या गटात, मग खऱ्या वर्गात असं करून बघायचं असतं. पहिला मुलगा नऊ वर्षांचा. "मार्ग" समोर आलं, त्याने "माग्र" वाचलं. मी त्याचं बोट बघत होते. बोट मा वरून ग वर गेलं आणि मग ग च्या डोक्यावरच्या रफारावर. म्हणजे डोळ्याला ज्या क्रमाने दिसतं त्याच क्रमाने तो वाचत होता, त्याच्या बाजूने अगदी बरोबर! आपण वर्षानुवर्षं "अरे रफार आधी वाचायचा" असं ओरडत असतो, पण तो लिहिलाय मात्र नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. मी सगळं मॉड्यूल मोडलं आणि स्क्रीनवर तो रफार उचलून खाली आणला, मा आणि ग च्या मध्ये र् होऊन बसला, आवाज आला, आणि मग परत वर गेला. पुढच्या चाचणीत तिघांनी "मार्ग" बरोबर वाचलं. मला त्या दिवशी रडायला आलं होतं, खरंच.

तर कोडिंग. नाही लागत. स्टोरीलाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रिगर आणि व्हेरिएबल असतात, "हे दाबलं की ते दाखव, तीन बरोबर झाले की पुढे जा" अशा अटी. गणिताच्या बाईंना ते सहज जमेल. थोडं एचटीएमएल शिकवतात काही ठिकाणी. ॲक्सेसिबिलिटी मात्र मनावर घे, व्हिडिओला कॅप्शन, चित्राला वर्णन, अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगातला फरक निदान ४.५ ला १ असा. मी पांढऱ्यावर पिवळी अक्षरं काढून सबंध असाइनमेंट परत केलीये.

मूल लहान आहे तर पहिल्या सेमिस्टरला एक कोर्स, नंतर दोन. माझे एका कोर्सला आठवड्याचे नऊ-दहा तास जायचे, ग्रुप प्रोजेक्ट असेल तर जास्त. डिग्री पूर्ण करायला बऱ्याच ठिकाणी ५ ते ७ वर्षांची मुदत असते, तेव्हा घाई नाही.

एक दुःखही सांगते म्हणजे तुझं होणार नाही. माझा डिझाइनचा दुसरा कोर्स फक्त फॉलला (ऑगस्ट ते डिसेंबरच्या सेमिस्टरला) असायचा आणि त्याच्यासाठी पहिला कोर्स आधी लागायचा. हे ॲडव्हायझरने सांगितलंच नाही, मी पहिला कोर्स पुढे ढकलला, आणि कॅपस्टोनला दुसरा कोर्स हवा म्हणून माझं सगळं एक वर्ष लांबलं. फी, मुलाचं डे-केअर, सगळंच वाढलं. म्हणून पहिल्याच आठवड्यात कुठला कोर्स कुठल्या सेमिस्टरला असतो त्याचा तक्ता माग आणि कॅपस्टोनपासून उलटं मोजत ये.

डोंगरवाट

ओसरीताईंनी कोर्सचं छान लिहिलंय, मी फक्त कागदपत्रांचं लिहितो कारण बायकोच्या वेळी हे सगळं निस्तरलंय.

एच-४ वर शिकायला काही अडचण नाही, पार्ट-टाइम पण चालतं, पूर्ण ऑनलाइन पण चालतं. पण पगारी काम चालत नाही, स्वतःचं ईएडी (काम करायच्या परवानगीचं कार्ड) असल्याशिवाय. त्यामुळे कोर्सवर्कमध्ये पगारी इंटर्नशिप सक्तीची असेल तर तिथेच अडेल, आधी विचारा की त्याऐवजी दुसरा प्रोजेक्ट चालेल का. विनापगारी पण वकिलाला किंवा इंटरनॅशनल ऑफिसला विचारूनच करा, स्वतःच्या मनाने नको.

एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) जायचा विचार असेल तर गणित बदलतं. मग दर सेमिस्टरला फुल-टाइम हवं, मास्टर्सला ते बहुतेक ९ क्रेडिट धरतात, आणि त्या हिशोबात ऑनलाइन कोर्स एकच मोजला जातो. म्हणजे जे प्रोग्रॅम शंभर टक्के ऑनलाइन आहेत (आणि या विषयातले बरेच तसेच आहेत) ते एफ-१ ला उपयोगाचे नाहीत. फायदा असा की एफ-१ वर सीपीटी (शिकता-शिकता काम करायची परवानगी) आणि ओपीटी (बहुतेक डिग्रीनंतर काम करायची परवानगी) मिळतं, आणि एज्युकेशनल/इन्स्ट्रक्शनल टेक्नॉलॉजी हा विषय १३.०५०१ या कोडने सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत आहे, त्यामुळे ओपीटीच्या १२ महिन्यांच्या वर आणखी २४ महिने मिळू शकतात. पण नुसतं डिग्रीचं नाव बघू नका, युनिव्हर्सिटीने तिला कोड कुठला लावलाय ते विचारा. करिक्युलम ॲण्ड इन्स्ट्रक्शन या कोडखाली तीच डिग्री असेल तर स्टेमचा फायदा नाही. आम्ही हे ॲडमिशन घ्यायच्या आधी ईमेलवर लेखी घेतलं होतं.

अजून एक, तुमची बी.एस्सी. तीन वर्षांची. काही युनिव्हर्सिट्या नुसत्या तीन वर्षांना अडतात, पण बी.एड. जोडून दाखवलं की बऱ्याच ठिकाणी काम होतं. दोन्हीच्या मार्कशीट मूल्यांकनाला एकत्रच पाठवा, बी.एड. मागाहून पाठवू नका. आणि काही राज्यांत एच-४ वाल्यांना इन-स्टेट फी लागते, ते विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही.

मुठेकाठी

मी पुण्यात ई-लर्निंगमध्ये आहे, बारा वर्षं झाली, सध्या टीम सांभाळते, मुलाखती घेते. अमेरिकेतल्या डिग्रीबद्दल मला अनुभव नाही पण माणसं घेताना आम्ही काय बघतो ते सांगू शकते.

आमच्याकडे पुण्यात या क्षेत्रातली अर्धी माणसं इंग्रजी साहित्यातून, पत्रकारितेतून, शिक्षकीतून आलीयेत, मास्टर्स फार थोड्यांकडे. मी पोर्टफोलिओ उघडते आणि पहिला प्रश्न विचारते, हे असं का केलंस? चकाचक ॲनिमेशन दाखवणारे दहा जण येतात, पण शिकणारा कोण होता, त्याला आधी काय येत होतं, कोर्सनंतर कामात काय फरक पडला, यावर गप्प बसतात. ओसरी यांचा रफार माझ्यासमोर आला असता तर मी त्यांना लगेच कामावर घेतलं असतं, कारण त्यात त्या मुलाचं बोट आहे.

म्हणून पाटी_पेन्सिल, इलेक्टिव्ह निवडताना सॉफ्टवेअर शिकवणारे दोन-तीन कोर्स घेऊ नका. सॉफ्टवेअर घरी बसून येतं आणि तीन वर्षांनी बदलतं. त्यापेक्षा मूल्यमापनाचा कोर्स घ्या, जिथे कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या म्हणजे आवडलं का, शिकले का, वागण्यात आलं का, आणि संस्थेला त्याचा उपयोग झाला का, हे खऱ्या माणसांवर करून बघायला लावतात. आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा घ्या. विषयतज्ज्ञ, ज्यांना आम्ही एसएमई म्हणतो, त्यांच्याकडून ८० स्लाइडचं पीपीटी येतं आणि त्यातल्या ६० नकोत हे त्यांना दुखावल्याशिवाय सांगायचं असतं, निम्मी नोकरी तीच आहे.

शाईपेन

थोडं वेगळं मत. मी याच विषयात पीएचडी करतोय. सगळेजण पोर्टफोलिओ पोर्टफोलिओ म्हणतात ते नोकरीसाठी बरोबर आहे, पण थिसिसला इतकं मोडीत काढू नये. थिसिस म्हणजे साधारण ६ क्रेडिट, म्हणजे दोन इलेक्टिव्ह सोडावे लागतात, आणि माणसांवर अभ्यास करायचा तर नीतिसमितीची परवानगी काढावी लागते, मुलं असतील तर पालकांची संमती आणि जास्तीची छाननी, त्यात महिने जातात. पण पुढे पीएचडीचा विचार असेल, इथे किंवा भारतात परत जाऊन, तर थिसिसने फार बळ येतं. आयआयटी मुंबईत एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत पीएचडी आहे, तिथे जे काम चालतं ते वाचून बघा, गणित आणि विज्ञान शिकवण्यावर अभ्यास करणाऱ्यांसाठी तर नक्कीच. सात वर्षं गणित शिकवलेल्या माणसाकडे प्रश्नांचा साठा असतो, तो नुसत्या मॉड्यूलमध्ये संपवू नका असं मला मनापासून वाटतं.

आणि रिसर्च मेथड्सचा कोर्स शेवटी ठेवू नका. लोक घाबरून ठेवतात. तो तिसरा-चौथा घेतला तर पुढच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कामी येतो. उदाहरणार्थ मल्टिमीडियातून शिकण्यावर संशोधन करणारे मायर यांचं तत्त्व आहे की चित्र आणि आवाज असताना तेच शब्द स्क्रीनवर परत लिहू नयेत. हे सगळे पाठ करतात. पण ओसरी यांच्या मॉड्यूलमध्ये तर शब्द वाचायलाच शिकवायचा आहे, तिथे शब्द काढून कसं चालेल? मूळ प्रयोग कुणावर झाले, काय शिकवताना झाले हे वाचता आलं तरच तत्त्व कुठे लावायचं नाही ते कळतं.

ओसरी

शाईपेन, अगदी हेच झालं होतं! माझ्या ग्रुपमधल्या मुलीने तत्त्व दाखवून शब्द काढायला सांगितला होता आणि आमचा अर्धा तास वाद झाला. शब्द ठेवला, पण खालचं इंग्रजी लिप्यंतर काढलं, कारण मुलं मराठी सोडून तेच वाचत होती.

पाटी_पेन्सिल

काय लिहू, इतकं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. नवऱ्यालाही वाचायला दिलं. डोंगरवाट, कोडचं आणि बी.एड. सोबत जोडायचं आम्हाला ठाऊकच नव्हतं, मी फक्त बी.एस्सी.ची मार्कशीट काढून ठेवली होती, आता नाशिकला भावाला सांगितलंय विद्यापीठातून बी.एड.च्या पण मागवायला.

सध्या एच-४ वरच राहून पार्ट-टाइम करावं असं ठरतंय. एक शंका, काही ठिकाणी आधी १२-१५ क्रेडिटचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करून मग ते मास्टर्समध्ये धरतात असं दिसलं. तो मार्ग कसा आहे? आणि मुठेकाठी, पोर्टफोलिओत मी माझे लॉकडाऊनमधले गणिताचे व्हिडिओ ठेवले तर चालतील का, की अगदीच बाळबोध वाटतील? ऋण संख्यांच्या वजाबाकीचा एक आहे, त्यात मी बिल्डिंगची लिफ्ट आणि तळघराचे मजले वापरले होते, तो पोरांना फार आवडला होता.

मुठेकाठी

ठेवा की. पण नुसता व्हिडिओ नको, त्याच्याखाली चार ओळी: पोरं कुठे चुकत होती, लिफ्ट का सुचली, व्हिडिओनंतर चुका कुठल्या गेल्या आणि कुठल्या राहिल्या. एखादी जुनी उत्तरपत्रिका हाताशी असेल तर मुलाचं नाव झाकून फोटो लावा.

ओसरी

सर्टिफिकेटचा मार्ग तुझ्यासाठी चांगला आहे, चार-पाच कोर्समध्ये झेपतंय का ते कळतं आणि नाही जमलं तर हातात काहीतरी राहतं. फक्त त्याच युनिव्हर्सिटीत कर, कारण बाहेरून आणलेले क्रेडिट बहुतेक ठिकाणी ६ किंवा ९ च धरतात आणि बाकीचे वाया जातात. आणि सर्टिफिकेटमधले कोर्स मास्टर्सच्या कोअरमध्ये बसतात की इलेक्टिव्हमध्ये ते विचार, इलेक्टिव्हमध्ये सगळे गेले तर कोअर अख्खं उरतं. ग्रेडही सांभाळ, सरासरी (४ पैकी) ३.० च्या खाली गेली की प्रोबेशन, म्हणजे ग्रेड सुधारण्याची ताकीद, लागतं.

कोऑर्डिनेटरला ईमेल लिहिलास की इथे टाक, पाठवायच्या आधी मी नजर टाकते. लिफ्टचा व्हिडिओ पण टाक, माझा मुलगा सध्या उणे तीन वजा उणे पाच मध्येच अडकलाय.

पाटी_पेन्सिल

टाकते ताई. त्याला सांगा, तळघरात तिसऱ्या मजल्यावर उभा राहा, आणि उणे पाच काढून टाकायचे म्हणजे पाच मजले खाली नेणारी चिठ्ठी फाडायची, मग लिफ्ट पाच मजले वर येते. कुठे थांबली ते त्यालाच मोजू द्या. चुकला तर त्याने काय उत्तर काढलं ते मला नक्की कळवा, व्हिडिओखालच्या चार ओळींसाठी मला तेच हवंय.